आत्या, रहाट आणि माझी लेक: घरातलं आजारपण मुलांना सांगावं का?

परसातली जाई

दोन आठवडे हा धागा लिहून ठेवलाय आणि टाकायचा धीर होत नव्हता. परवा रात्री एक गोष्ट पाहिली, तेव्हापासून धड झोप नाही. म्हणून आज टाकतेय. लांबलंय, सांभाळून घ्या.

माझी लेक ९ वर्षांची आहे. पुण्यात आमच्यासोबत सासूबाई आणि माझा धाकटा दीर राहतो. तो ३४ वर्षांचा. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना, २१व्या वर्षी त्याला स्किझोफ्रेनिया असल्याचं कळलं. आता क्लोझापीन हे औषध चालू आहे, त्यासाठी दर महिन्याला रक्त तपासून पांढऱ्या पेशी बघाव्या लागतात. तब्येत बरीच स्थिर आहे. बाहेर नोकरी जमत नाही, पण घरातली विजेची, नळाची कामं तोच करतो. लेकीचं आणि त्याचं विलक्षण गूळपीठ आहे. दोघं मिळून शहरातल्या बसमार्गांचे नकाशे काढतात, एका मार्गाला एक रंग. जेवणाच्या टेबलावर तो कागद पसरला की आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवतो.

तिला आम्ही आजवर काही सांगितलेलं नाही. "काकाला झोपेचा त्रास आहे, म्हणून गोळ्या." सासूबाईंचं म्हणणं स्पष्ट आहे, पोर शाळेत बोलेल, सोसायटीत बोभाटा होईल आणि उद्या तिच्याच लग्नात आडवं येईल.

परवा मी रात्री पाणी प्यायला उठले तर लेक अंधारात टीव्हीमागे वाकलेली. प्लग काढत होती. म्हटलं, काय करतेस? म्हणाली, "रोज काढते. काकाला त्यातून त्रास होतो ना, रात्री तो त्याच्याशीच भांडतो. प्लग काढला की कमी होतं."

मी तिला झोपवलं आणि स्वयंपाकघरात जाऊन बसून राहिले. कारण हे मी केलंय. ह्याच वयात, अगदी असंच.

माझं बालपण रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खेड्यात गेलं. वडील मुंबईला नोकरीला, आम्ही गावी एकत्र कुटुंबात. वडलांची धाकटी बहीण, माझी आत्या, घरीच असायची. लग्न झालेलं नव्हतं. माजघराच्या मागच्या खोलीत तिचं अंथरूण. घरात तिच्याबद्दल तीन प्रकारची वाक्यं होती. पाहुण्यांसाठी, "ती जरा हळवी आहे." शेजाऱ्यांसाठी, "तिचं डोकं दुखतं." आणि आजी रडायला लागली की, "बाहेरचं काहीतरी आहे." देवळात दोनदा कौल लावून झाला होता, गाऱ्हाणं घालून झालं होतं. आजार हा शब्द मी घरात कधीच ऐकला नाही.

मला मात्र तिच्याइतकं जवळचं कोणी नव्हतं. ती मला फणसाच्या आठळ्या भाजून द्यायची, काजूच्या बिया नखाने सोलून गर अख्खा काढायची. दुपारी सगळे लवंडले की आम्ही खळ्यात येरझारा घालायचो. ती पुढे, मी मागे, मी फेऱ्या मोजायचे. एकदा ३४० झाल्या. मला वाटायचं हा आमचा खेळ आहे. खूप पुढे, दिराच्या आजारात वाचायला लागले तेव्हा कळलं, की ती चाल गोळ्यांमुळे होती. पायांना एक अस्वस्थपणा येतो, माणूस एका जागी बसूच शकत नाही. उन्हात ती चटकन काळवंडायची, तेही लार्गॅक्टिल ह्या तिच्या गोळीमुळे. म्हणून आमच्या फेऱ्या कायम फणसाच्या सावलीतून असायच्या.

परसात बाव, म्हणजे विहीर होती, तिच्यावर लाकडी रहाट. त्याचा आस कुरकुरायचा. आत्याने मला एकदा कानात सांगितलं, "ते त्यातून बोलतात. सकाळी फार बोलतात." मी ७-८ वर्षांची. मला त्यात काही विचित्र वाटलं नाही. बोलत असतील तर बंद करायला हवं, एवढंच. मी देवघरातल्या समईचं तेल वाटीत काढून रोज पहाटे रहाटाच्या आसाला घालायला लागले. कुरकुर थांबायची. ती म्हणायची, "आज कमी बोलले गं." देवाचं तेल चोरल्याबद्दल मी दोनदा मार खाल्ला, पण का घेतलं ते सांगितलं नाही. ते आमचं गुपित होतं.

१९८७च्या शिमग्यात पालखी आमच्या वाडीत आली. दोन दिवस मी पालखीमागे नाचत होते, तेल घालायला विसरले. दुसऱ्या रात्री आत्याने आरडाओरडा करून घर डोक्यावर घेतलं, रहाटाचा दोर कोयतीने तोडला. मला काकूने माळ्यावर नेऊन कान झाकले. सकाळी मी उठले तेव्हा आत्या घरात नव्हती. "मिरजेला गेली, डोळ्यांच्या ऑपरेशनला."

ती रत्नागिरीला मनोरुग्णालयात गेली होती, हे मला शाळेत कळलं, पोरांनी ओरडून सांगितलं तेव्हा. त्याच जूनमध्ये वडील आम्हाला डोंबिवलीला घेऊन आले. आत्या ८ महिन्यांनी घरी परतली. पण पुढे गणपतीत गेलं की मोठी माणसं आम्हाला एकत्र बसू द्यायची नाहीत. "तिला त्रास होतो, जास्त बोलू नको." १९९८ साली ती गेली. तिच्याशी ते बोलणं राहूनच गेलं.

वयाच्या ३८व्या वर्षापर्यंत माझी खात्री होती, की शिमग्यात आत्याला न्यावं लागलं ते माझ्यामुळे. मी तेल घातलं नाही म्हणून. हे वाक्य मी नवऱ्यालाही कधी बोलून दाखवलं नव्हतं. मग एका उन्हाळ्यात काकूपाशी कसाबसा विषय काढला. काकू म्हणाली, "अगो, तुझं काय त्यात? तिच्या गोळ्या बंद केल्या होत्या." ताईला, म्हणजे चुलत बहिणीला, बघायला मंडळी येणार होती. गोळ्यांनी आत्याचे हात थरथरायचे, तोंडातून लाळ यायची. पाहुण्यांना दिसू नये म्हणून तीन आठवडे आधी गोळ्या थांबवल्या. लपवायचं होतं म्हणून.

तर माझा प्रश्न: लेकीला सांगायचं, हे माझं ठरलंय. कसं सांगू? कोणत्या शब्दांत, किती? आणि सासूबाईंना न दुखावता हे होईल का?

निळी शाई

वाचलं. काही लिहायला सुचत नाहीये. त्या मुलीला जवळ घ्या, आत्ताच्या आणि तेव्हाच्याही.

वैनगंगाकाठ

बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे. हा पहिला प्रतिसाद.

माझ्या आईला बायपोलर होतं, मन कधी फार वर चढायचं, कधी फार खाली जायचं. तेव्हा नाव माहीत नव्हतं, आमच्या नागपुरात एकच शब्द होता, पागलखाना. वर्गात कोणी काही विसरलं तरी पोरं तोच शब्द काढायची आणि मी सगळ्यांत जोरात हसायचो, कोणाला शंका येऊ नये म्हणून. आई दवाखान्यात असली की मास्तरांना सांगायचं, "आई माहेरी गेली." एका वर्षात आई चारदा माहेरी गेली. मास्तरांना कळत नसेल का? पण त्यांनीही कधी विचारलं नाही.

मी सहावीत असताना तिने आम्हा भावंडांना पहाटे ३ वाजता उठवलं. अंगात नवे कपडे, सोबत पुऱ्या. पहिली बस पकडून रामटेक. गडाच्या पायऱ्या ती आमच्यापुढे पळत चढली, गात होती. वर पोचलो तेव्हा सूर्य उगवत होता. माझ्या अख्ख्या लहानपणातला तो सगळ्यांत आनंदाचा दिवस. आठवड्याभरात तिला भरती करावं लागलं. घरातले म्हणाले, तो दिवस म्हणजे आजार वर चढत होता, त्याचं काय नाव काढतोस.

जाईताई, तुम्ही फेऱ्यांबद्दल लिहिलंत ते वाचून मी थांबलो. गोळ्यांमुळे चालत होती, बरोबर. पण तुम्हाला सोबत घेऊन चालत होती की नाही? रामटेकची सकाळ मी आता कोणाला परत देणार नाही. आई पुढे लिथियमच्या गोळ्यांवर २० वर्षं चांगली राहिली. मी तिला एकदा विचारलं, तुला आठवतं का? म्हणाली, "पुऱ्या कच्च्या होत्या."

लेकीला सांगा. पण सांगताना तिच्या काकाचे नकाशे आजारात ढकलू नका, एवढंच.

दोन लेकींची आई

माझं मत वेगळं आहे, राग मानू नका.

तुमच्या सासूबाई चुकीच्या नाहीत. माझ्या सख्ख्या बहिणीचं ठरलेलं लग्न साखरपुड्यानंतर मोडलं, कारण तिकडच्यांना कुठून तरी कळलं की आमच्या मामाला असा आजार आहे. बहिणीत काडीचा दोष नव्हता. ती पुढे ६ वर्षं घरी होती. माझी आई आजही त्या माणसाला शाप देते ज्याने सांगितलं. ९ वर्षांचं मूल गुपित ठेवू शकत नाही आणि ठेवावं अशी अपेक्षाही अन्याय आहे. मग तिला कळूच न देणं हे तिच्यासाठी सोपं नाही का? लहानपण लहानपणासारखं जाऊ द्यावं.

परसातली जाई

@दोन लेकींची आई, राग कसला. तुमच्या बहिणीचं वाचून वाईट वाटलं. आमच्या ताईचं ते स्थळही नाहीच जमलं, पत्रिकेवरून. म्हणजे आत्याच्या गोळ्या ज्यासाठी बंद केल्या ते झालंच नाही.

पण "कळूच न देणं" हा पर्याय आमच्या घरात उरलेला नाही हो. ती रोज रात्री प्लग काढतेय. तिला कळलंय, फक्त चुकीचं कळलंय.

सकाळची शिफ्ट

मी मानसोपचार विभागात समाजकार्यकर्ती म्हणून १७ वर्षं काम करते. घरच्यांशी बोलणं हेच माझं काम. थोडं सविस्तर लिहिते.

मुलं विचारतात त्या प्रश्नांच्या तळाशी बहुतेक वेळा तीनच गोष्टी असतात: हे माझ्यामुळे झालं का, मला होईल का, आणि आता माझ्याकडे कोण बघणार. तिसरा प्रश्न आईवडील आजारी असले की जास्त टोचतो, काकाच्या बाबतीत कमी. पहिला प्रश्न मात्र मुलं कधीच तोंडाने विचारत नाहीत. तो त्यांच्या वागण्यात दिसतो. तेल, प्लग, देवापुढे उठाबशा, जेवणातला एखादा पदार्थ सोडणं. मी एक मुलगा पाहिला, तो वर्षभर घरात चप्पल घालून फिरत नव्हता, कारण आईला पावलांचा आवाज सहन व्हायचा नाही. म्हणून तो प्रश्न आला नाही तरी उत्तर आपणहून द्यायचं: "हे तुझ्यामुळे झालेलं नाही आणि तुझ्या काही करण्याने ते बरंही होणार नाही." दुसरा अर्धा भाग लोक विसरतात. त्याच अर्ध्यावर मुलं झिजतात.

भाषा साधी ठेवा. "मेंदूचा आजार आहे, त्यात नसलेले आवाज खरे असल्यासारखे ऐकू येतात, गोळ्यांनी ते कमी होतात." ९ वर्षांच्या मुलीला एवढं पुरतं. आजाराचं नाव सांगा. नाव नसलेल्या गोष्टीची भीती मोठी असते आणि पुढेमागे इंटरनेटवर ती शोधेलच, तेव्हा तुमच्याकडून ऐकलेलं असू दे. एका बैठकीत सगळं सांगायची घाई नको. सांगून झालं की तिला खेळायला जाऊ द्या. मुलं पंधरा दिवसांनी, भलत्याच वेळी, रिक्षात बसल्यावर पुढचा प्रश्न विचारतात.

"मला होईल का" ह्यावर खोटा दिलासा नको, आकडे घाबरवणारे नाहीतच. सर्वसाधारण माणसाला आयुष्यभरात स्किझोफ्रेनिया होण्याची शक्यता १ टक्क्याच्या आसपास. आई किंवा वडील ह्यांपैकी एकाला असेल तर सुमारे १० टक्के. काका, आत्या, मामा, मावशी ह्यांच्यापैकी कोणाला असेल तर ३-४ टक्क्यांच्या घरात. म्हणजे तुमच्या लेकीला हा आजार न होण्याची शक्यता ९५ टक्क्यांहून जास्त आहे. आजार साधारण विशीच्या अलीकडे-पलीकडे सुरू होतो. त्या वयात गांजासारख्या नशेपासून दूर राहणं आणि झोप-वागणं बदललं तर लवकर डॉक्टर गाठणं, हे ती करू शकते, पण ते तिला माहीत असेल तरच.

तुमच्या आत्याबद्दल. गोळ्या अचानक थांबवणं हे आजार उलटण्याचं सगळ्यांत नेहमीचं कारण आहे. आजही आमच्याकडे लग्नसराईत असे पेशंट येतात. घरात कार्य असतं, थरथर दिसू नये म्हणून गोळ्या थांबवलेल्या असतात. त्या थरथरीवर, लाळेवर डॉक्टरकडे उपाय असतो. डोस कमी करतात, औषध बदलतात, जोडीला दुसरी गोळी देतात. विचारायचं फक्त.

पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आहे, ठाण्यात आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) आहे. आजारी माणसाला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणायची पद्धत त्या वर्तुळात रुळली आहे. शुभंकरांच्या गटात सासूबाईंना एकदा घेऊन जा. सुनेचं त्या ऐकणार नाहीत कदाचित, पण त्यांच्याच वयाची दुसरी आई बोलली की ऐकतील. रात्री-अपरात्री काही वाटलं तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, मराठीत बोलता येतं.

निळी शाई

"तुझ्या काही करण्याने ते बरंही होणार नाही." हे मला चाळिशीत कोणीतरी सांगितलं असतं तरी खूप झालं असतं. धन्यवाद.

काळा डगला

वकिली करते, म्हणून लग्नाच्या मुद्द्यावर थोडं, अवांतर होतंय पण आवश्यक आहे.

हिंदू विवाह कायदा, १९५५ मध्ये मानसिक आजाराचा विचार लग्न करणाऱ्या व्यक्तीपुरता आहे. वधू किंवा वर स्वतः आजारी असताना ते लपवलं, तर पुढे कोर्टात तो मुद्दा होऊ शकतो. काकाचा किंवा मामाचा आजार हा मुलीच्या लग्नाच्या कायदेशीरपणाचा विषयच नाही. लोक काय म्हणतात तो वेगळा प्रश्न, आणि @दोन लेकींची आई, तुमच्या बहिणीवर जे गुदरलं ते खरं आहे, कायद्याने ते भरून येत नाही.

दुसरं. १९८७ साली आत्यांना नेलं तेव्हा देशात १९१२चा लुनसी ॲक्टच चालू होता. आजारी माणसासाठी त्यातला शब्द होता लुनॅटिक, म्हणजे वेडा. १९८७ला नवा कायदा झाला खरा, पण तो लागू झाला १९९३ला. आज २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आहे. त्यात आजारी व्यक्ती बरी असताना लिहून ठेवू शकते, की पुढे माझ्यावर कसे उपचार व्हावेत, कसे होऊ नयेत, आणि माझ्या वतीने कोणी बोलावं. साखळीने बांधणं बेकायदेशीर आहे. तुमच्या दिरांनी असं काही लिहून ठेवलंय का? नसेल तर जरूर करा.

मांडवी

सगळे प्रतिसाद वाचले. प्रेमाने लिहिलेत सगळ्यांनी. तरी एक गोष्ट राहिली आहे आणि ती मला टोचतेय.

मी ४३ वर्षांची आहे. २४व्या वर्षापासून मला स्किझोफ्रेनिया आहे. पणजीजवळ भावाच्या घरी राहते, बांबोळीच्या इस्पितळात ओपीडीला जाते, सकाळी एका दुकानात हिशेब लिहिते. मी कुणाची तरी ती आत्या आहे.

जाई, दिराला विचारलंस का?

इतक्या प्रतिसादांत लेकीचं कसं होईल, सासूबाईंचं कसं होईल, लग्नाचं कसं होईल हे आलं. ज्याच्या डोक्याबद्दल सांगायचं आहे तो शेजारच्या खोलीत बसलेला आहे. त्याचं गुपित सगळ्यांनी मिळून त्याच्या वतीने ठेवलं आणि आता सगळे मिळून त्याच्या वतीने उघडणार. डगलेवाल्या ताईंनी लिहिलं, नवा कायदासुद्धा आधी आम्हाला विचारतो. घरात कोण विचारतं?

आणखी एक सांगते, हे बाहेरून कळायचं नाही. मला आजारात वाटायचं, की शेजारच्या खोलीत माझ्याबद्दल कुजबूज चालते. डॉक्टर म्हणायचे, हा भास आहे. पण कुजबूज खरंच चालायची! भाऊ आणि वहिनी दार लोटून हळू आवाजात ठरवायची, भाच्याला काय सांगायचं, पाहुण्यांना काय सांगायचं. मी आत गेले की गप्प. आता तुम्हीच सांगा, मी माझ्या कोणत्या कानावर विश्वास ठेवायचा होता? ज्या माणसाला खोटे आवाज ऐकू येतात त्याच्या घरात खरे आवाज तरी मोकळे असावेत.

माझ्या भाच्याला मी स्वतः सांगितलं, तो १० वर्षांचा असताना. त्याने विचारलं, "ते आवाज कोकणीतून बोलतात की मराठीतून?" इतक्या वर्षांत हे मला एकाही डॉक्टरने विचारलं नव्हतं. कोकणीतून, म्हटलं. तो म्हणाला, "मग त्यांना कळतं आपण काय बोलतो ते," आणि त्या दिवसापासून मला त्रास होत असला की तो माझ्याशी इंग्लिशमध्ये बोलतो. आवाज बंद होत नाहीत त्याने. पण खोलीत मी एकटी नसते.

परसातली जाई

@मांडवी, नाही विचारलं. लाज वाटतेय लिहायला. १३ वर्षं मी त्याच्या गोळ्या डबीत भरतेय, रक्ताचे रिपोर्ट फाइलला लावतेय, आणि हा प्रश्न मला सुचला नाही. आज विचारते.

दोन लेकींची आई

मांडवीताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. ज्या मामामुळे (असंच म्हणतो आम्ही घरात, "मामामुळे") बहिणीचं लग्न मोडलं, तो मामा अजून आहे. ७१ वर्षांचा. साखरपुडा मोडला तेव्हा तो घरातच होता, सगळं त्याच्यासमोर बोललं गेलं. त्याला काय वाटलं असेल, हा विचार आज पहिल्यांदा केला. बाकी माझी भीती आहे तिथेच आहे, ती जाणार नाही एकदम. पण रविवारी मामाकडे जाऊन येते.

परसातली जाई

सहा दिवसांनी लिहितेय. सगळ्यांचे मनापासून आभार.

त्याच संध्याकाळी गच्चीवर कपडे काढताना दिराला विचारलं. म्हटलं, तिला सांगावंसं वाटतंय, तुझी हरकत आहे का? तो बराच वेळ बोलला नाही. चिमटे गोळा करत राहिला. मग म्हणाला, "वहिनी, मला वाटायचं तिला माहीत आहे आणि तुम्ही तिला माझ्यासमोर बोलायला बंदी केली आहे." म्हणजे तोही गप्प, तीही गप्प, मधे आम्ही. मग म्हणाला, "मी सांगतो. तुम्ही बसा फक्त."

शनिवारी दुपारी नकाशा पसरलेला असताना त्याने सांगितलं. एका हाताने रंगवत होता, वर बघत नव्हता. "मला स्किझोफ्रेनिया नावाचा आजार आहे. कानात कोणी नसताना बोलल्यासारखं ऐकू येतं. गोळी घेतो तेव्हा आवाज लांब जातो, रस्त्यापलीकडच्या माणसासारखा. रात्री कधी जवळ येतो, तेव्हा मी त्याला गप्प बस म्हणतो."

लेक म्हणाली, "टीव्हीतून येतो ना?"

"नाही. माझ्याच डोक्यातून."

"मग मी प्लग काढते त्याने काही होत नाही?"

तो थांबला. त्याला हे माहीत नव्हतं, मी सांगितलं नव्हतं. म्हणाला, "त्याने वीज वाचते. आवाजाचं त्याने काही होत नाही. काढला नाहीस तरी काही होणार नाही. तू झोपत जा."

तिने विचारलं, "मी नकाशात चुकले की जास्त येतात का?" समाजकार्यकर्ती ताई, तुम्ही म्हणालात तो पहिला प्रश्न असा आला. तो म्हणाला, "नाही गं. तू चुकलीस तर फक्त बस चुकते." मग ती रंगवायला लागली. वीस मिनिटंही झाली नसतील.

सासूबाई आत भाजी निवडत होत्या. सगळं ऐकलं त्यांनी. रागावतील असं वाटलं होतं. रात्री मला म्हणाल्या, "शाळेत बोलली तर बघ." दुसऱ्या दिवशी मात्र दिराला सगळ्यांसमोर, नेहमीच्या आवाजात विचारलं, "गोळी घेतलीस का रे?" इतकी वर्षं गोळी ताटाखाली सरकवायच्या. गटाला यायचं का, ह्यावर अजून "बघू" आहे.

रात्री लेकीला आत्याची गोष्ट सांगितली, तेल, शिमगा, गोळ्या, सगळं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "तुझ्या आत्याला माहीत होतं तू तेल घालायचीस ते?"

माहीत होतं. मी रहाटावर चढायचे तेव्हा तेलाची वाटी तीच धरायची.

प्लग त्या रात्री तिने काढलाच. काल नाही काढला. आज बघायचं. पुढच्या गुरुवारी दिराची रक्ततपासणी आहे, शाळेला सुट्टी आहे म्हणून ती सोबत जायचं म्हणतेय. कुठली बस घ्यायची ते तिने नकाशावर ठरवून ठेवलंय, एकदा बदलायला लागते. जाऊन आलो की लिहीन.